उर्दूचा उर्दूत तर्जुमा

आयुष्याची ऐन वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं बोलण्यात घालवली. त्यामुळे स्वतःचं काही सांगायला बसलो की अजूनही घसा खाकरत राहतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘निजामी अमलातल्या नोकरीच्या गमती’ मागितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकीला मात्र गंमत म्हणताना लाज वाटते. ती वगळून बाकीच्या सांगितल्या तर मीठ-लिंबू वाढून पंगत उठवल्यासारखं होईल, म्हणून तीच सांगतो.

मी तहसील कचेरीत तर्जुमा करणारा अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून आणि तर्जुमा म्हणजे एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करणं. मी मूळचा बदनापूरचा. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि थोडंफार इंग्रजी एका हौशी मास्तरांच्या कृपेनं. संस्थानाचा सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि रयत बोलायची मराठी. तहसीलदार साहेब दौऱ्यावर गेले, की गावच्या चावडीत ते लोडाला टेकून बसत, एका बाजूला पेशकार लिहायला आणि दुसऱ्या बाजूला मी बोलायला. शेतकरी मराठीत गाऱ्हाणं सांगायचा, मी ते उर्दूत करायचो. साहेब उर्दूत हुकूम सोडायचे, मी तो मराठीत करायचो. पेशकार कागदावर घ्यायचा ते माझं उर्दू. शेतकऱ्याचं मूळ बोलणं चावडीतच विरून जायचं. सरकारच्या लेखी मी जे म्हणालो तेच तो म्हणाला.

आता यातली खरी मेख सांगतो. माझी गरज कुणालाच नव्हती. आमच्या भागातला कुठलाही शेतकरी बैलबाजारात उर्दूत भांडून येतो. शेजारी मुसलमान, व्यवहारात उर्दू, शिव्यासुद्धा निम्म्या उर्दू. आणि आमचे साहेब हैदराबाद शहरातले असले तरी सगळी नोकरी मराठवाड्यात झालेली. त्यांना मराठी उत्तम कळत होती, इतकी की ते बाजारात मराठीत घासाघीस करत. तरी चावडीत बसले की त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे, आणि समोरच्याला उर्दूचं. मधे मी. मी होतो म्हणून शेतकऱ्याला मन मोकळं करता येई आणि साहेबांना ते न ऐकल्यासारखं करता येई. मी कडू काढून गोड पुढे सरकवायचं, हा अलिखित करार तिघांनाही ठाऊक होता.

एकदा धावडा गावचा एक म्हातारा आला. जनावरं कोंडवाड्यात घातली म्हणून तापलेला. त्यानं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शेवटी, “ह्या मुडद्याला म्हनावं, तुझी म्हैस बांधली असती तर कळलं असतं,” म्हणाला. मी हात जोडून म्हणालो, “हुज़ूर, बड़े मियाँ जानवरों की रिहाई चाहते हैं और आपको दुआ देते हैं.” साहेबांनी मिशीवर बोट फिरवलं. “दुआ बहुत लंबी थी, मुन्शीजी.” आणि जनावरं सोडायचा हुकूम दिला. म्हातारा बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बराबर सांगितलं तुमी.”

असं सगळं. ‘मुन्शीजीच्या तोंडात साखर हाये’ अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा ताठा होता. वडीगोद्रीपर्यंतचे लोक ओळखायचे. माझ्या साखरेनं पुष्कळांची कामं झाली हेही खोटं नाही.

मग आईन आला. आईन म्हणजे राज्य कसं चालावं याचा कायदा, आज आपण घटना म्हणतो तसलं काहीतरी. हैदराबादेत ठरलं की संस्थानाला नवा आईन द्यायचा, रयतेची सभा भरवायची, तिच्यात रयतेची माणसं बसवायची. तहसीलदारांना वरून तोंडी सांगणं आलं की गावोगाव जाऊन हा आईन समजावून सांगा, रयतेला त्यावर बोलू द्या, आणि तिची संमती कळवा. आमच्या साहेबांनी सरळ अर्थ घेतला. बोलू द्यायचं, पण संमती आणायची.

आईनातली मुख्य गोष्ट अशी, की माणसं गावावरून नव्हे तर धंद्यावरून निवडायची. शेतकऱ्यांचा माणूस वेगळा, वकिलांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा. आणि सभेनं काहीही ठरवलं तरी शेवटचा शब्द गादीचा. हे मराठीत समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस यायचा.

ज्या गावची गोष्ट सांगायची त्याचं नाव घेत नाही. तिथं संबंधितांची नातवंडं नांदतात. मोठं गाव, आणि गावचे पाटील वजनदार. त्यांनी ‘हो’ म्हटलं की आजूबाजूची वाडी-वस्ती ‘हो’ म्हणायची. म्हणून साहेबांना त्या गावची संमती फार हवी होती. सकाळी दवंडी पिटली आणि उन्हं चढायच्या आत चावडी भरली. साहेबांनी आईन सांगितला, मी मराठीत केला, आणि चर्चा सुरू झाली.

चर्चा म्हणजे खरीखुरी चर्चा. आज कुणी म्हणतं की त्या काळच्या खेडुताला कायद्यातलं काय कळत होतं, तेव्हा मला ती चावडी आठवते. बाबूमियाँ पिंजारी पहिला उठला. कापूस पिंजता पिंजता सगळ्या गावाची बातमी ठेवणारा माणूस. तो म्हणाला, “मुन्शीजी, मी कापूस पिंजतो. दोन बिघे रान बी हाये. पावसाळ्यात औत धरतो, थंडीत धुनकी. मंग मी शेतकरी का कारागीर? का निम्मा निम्मा?” सगळे हसले.

पायऱ्यांच्या खाली बसलेल्यांतून एक जण म्हणाला, “ज्याला रान न्हाई, दुकान न्हाई, त्याचा मानूस कोन?” त्यावर कुणी हसलं नाही.

एक म्हातारा म्हणाला, मिळतंय तेवढं पदरात घ्या, आजवर तेवढंही नव्हतं. दुसरा त्याच्यावर तुटून पडला. “सभेनं ठरवायचं अन् गादीनं न्हाई म्हनायचं. मंग सभा कशाला? भाकर हातावर ठेवायची अन् घास घेताना हात धरायचा, त्यातली गत.” बाबूमियाँ म्हणाला, “बिलकुल बराबर. असल्या आईनाला हो म्हनन्यापरीस गप बसलेलं बरं.” म्हातारा पुन्हा उठला. बराच वेळ रंगलं. कुणी कुणाचं ऐकून घेतलं, कुणी नाही, पण जो तो आपल्या अकलेनं बोलत होता.

आणि मी ते सगळं उर्दूत करत होतो. बाबूमियाँच्या निम्म्या-निम्म्याचं मी केलं, “हुज़ूर, ये शख़्स खेती भी करता है, बहुत ख़ुश है.” भाकरीवाल्याचं केलं, “आख़िरी फ़ैसला सरकार ही करे, यही रिआया की तमन्ना है.” भाकरीवाल्याला हे कळलं. त्यानं डोक्याला हात लावला, हसला आणि खाली बसला. करारच होता तसा. बोलायला मिळालं, आता कागदाचं कागदाला. साहेबही गालात हसत होते. मला वाटत होतं, आज माझा हात काय बसलाय.

तेवढ्यात चावडीच्या बाहेरच्या खांबापाशी गोदाक्का येऊन उभी राहिली.

गोदाक्का पाटलांची धाकटी भावजय. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भावाभावांची वाटणी नवरा जिवंत असतानाच झाली होती, त्यामुळे तिच्या वाटचं रान तिच्या नावावर चढलं होतं. ती स्वतः औत हाकायची, विहिरीवर वांगी लावायची आणि आठवड्याच्या बाजारात आणून विकायची. पाटलांचा त्या रानावर डोळा होता. बाईचं नाव कागदापुरतं, खरी जमीन घराण्याची, असं ते चारचौघांत म्हणू लागले होते. हे मला ठाऊक होतं. साहेबांनाही होतं.

बायका चावडीवर येत नसत. ती आली ती पदर डोक्यावर घेऊन, पण आवाज खणखणीत.

“मुन्शीजी, सायबाला इचारा. रान माझ्या नावावर हाये. सारा मी भरते, औत मी धरते. तर ह्या नव्या आईनात त्या रानाचा शेतकरी कोन धरनार? मी का भावजी? येवढं चावडीत सांगा, मी जाते.”

ती काय मागत होती ते सगळ्यांना कळलं. आईनाशी तिला देणंघेणं असेल-नसेल, तिला एक वाक्य हवं होतं. ‘पट्टा जिच्या नावावर, शेतकरी तीच,’ एवढं तहसीलदारानं भरल्या चावडीत म्हटलं असतं, तर गावात कुणाची टाप नव्हती तिच्या बांधावर औत घालायची. कायदाही तोच होता. पण ते वाक्य म्हणजे पाटलांच्या थोबाडीत होती, आणि संमती पाटलांकडून यायची होती.

पाटलांनी पटका नीट केला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “हुज़ूर, बेवा औरत है. सरकार की मेहरबानी चाहती है.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “क्यों नहीं. सरकार की नज़र हर ग़रीब पर है.”

मी गोदाक्काला सांगितलं, “साहेब म्हणतात, सरकारची तुमच्यावर मेहेरनजर राहील.”

दुसरं कुणी असतं तर इथं थांबलं असतं. भाकरीवाला थांबला, धावड्याचा म्हातारा थांबला, आजवर सगळेच थांबले होते. गोदाक्का थांबली नाही. “मी मेहेरनजर न्हाई मागितली,” ती म्हणाली, आणि पायरी चढून वर आली. मला ओलांडून तिनं तोंड साहेबांकडे केलं आणि सरळ उर्दूत, म्हणजे आपल्या बाजारातल्या दखनीत, बोलायला लागली.

“साब, मैं बोली सो इनो नै बोले. तुमकू मराठी आती. मेरे बैंगन लेते सो वख़त तुम मराठी में भाव करते. पन यहाँ नै आती तो उर्दू में सुनो. ज़मीन मेरे नाम पो है. तो किसान मैं के मेरा जेठ? इत्ता बोल देव, मैं जाती.”

ही बोली साहेबांच्या घरी स्वयंपाकघरात चालत असणार. तिच्यातलं अक्षरन् अक्षर त्यांना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. मग तिच्याकडे न बघता मला विचारलं,

“मुन्शीजी, बाई क्या कहती हैं?”

मला वाटलं आता कुणीतरी हसेल. निदान बाबूमियाँ तरी. कुणीही हसलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. उर्दूचा उर्दूत तर्जुमा करायचा होता. ‘हुजूर, आपण ऐकलंत’ एवढं जरी म्हणालो असतो तरी पुरे होतं. त्यात खोटं नव्हतं, उद्धटपणा नव्हता. तो शब्दच मला सुचला नाही. घाबरलो म्हणावं तर घाबरलोही नव्हतो. नुसतं काम करत होतो.

मी म्हणालो, “हुज़ूर, वही अर्ज़ है. मेहरबानी चाहती है.”

पेशकारानं लिहून घेतलं.

गोदाक्कानं साहेबांकडे पाहिलं नाही, दिराकडेही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “आता उर्दू बी तुमाला इचारूनच बोलावं लागतं का, मुन्शीजी?” आणि पायऱ्या उतरून पुन्हा खांबापाशी जाऊन उभी राहिली.

आमच्याकडे गावाचा शब्द सुपारीनं पक्का होतो. ताट फिरतं आणि गावातला प्रत्येक जमीनवाला एक सुपारी उचलतो. उचलली की तो त्या शब्दात आला. पाटलांनी पहिली उचलली. मग ताट फिरत फिरत पायऱ्यांपर्यंत आलं. ताट घेतलेला कोतवाल गोदाक्कापाशी अडखळला. तिनं हात पुढे केला नव्हता, पण ती जमीनवाली होती आणि कोतवालाला गावची रीत ठाऊक होती. “म्होरं ने,” पाटील म्हणाले. ताट पुढे गेलं. बाबूमियाँनं सुपारी उचलली, तोंडात न टाकता कनवटीला खोचली आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. साहेबांनी सांगितलं, लिहा, चर्चेअंती एकमतानं पसंत.

त्या दिवशी पाटलांकडे जेवण होतं. पाटील मला स्वतः वाढत होते. “मुन्शीजी, गाव राखलं तुमी,” म्हणत होते. मी पोटभर जेवलो. अशा गोष्टी सांगताना माणसं म्हणतात की मला तेव्हा घास उतरला नाही, वगैरे. माझा उतरला. लाज वाटायला मला पुष्कळ दिवस लागले, त्या दिवशी भूकच लागली होती.

परतताना बैलांच्या दमणीत साहेब एकदम म्हणाले, “बैंगन अच्छे देती थी.” त्यानंतर भाजी आणायला ते स्वतः कधी बाजारात गेले नाहीत, शिपाई जाऊ लागला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं.

पुढच्या पेरणीला पाटलांचं औत गोदाक्काच्या रानात शिरलं. ती आडवी झाली, तेव्हा पाटील म्हणाले, “चावडीत सायबापुढं काय म्हनलीस? बेवा हाये, मेहरबानी करा. शेतकरी असतीस तर तसं म्हनली असतीस का?” ती काय म्हणाली होती ते अख्ख्या गावानं ऐकलं होतं, मराठीतही आणि उर्दूतही. पण सरकारात ती माझं वाक्य बोललेली होती. गाव गप्प राहिलं. विहिरीजवळचा वांग्यांचा तुकडा तेवढा तिच्याकडे राहिला. हे मला बाबूमियाँनं बाजारात सांगितलं. सांगताना तो माझ्याशी मराठीत बोलत होता आणि मधेच थांबून म्हणाला, “कळतंय ना तुमाला? का कुनी तर्जुमा करून सांगावं?”

तेव्हापासून माझ्या साखरेची मला शिसारी येऊ लागली. बायकोनं ‘आज कुठल्या गावाला गेल्ता’ विचारलं तरी मला वाटायचं ही काही वेगळंच विचारते आहे. तरी नोकरी सोडली नाही. दुसरं काय येत होतं? दौऱ्यावर जात राहिलो आणि तसाच गोड बोलत राहिलो. फरक एवढाच की आता मला ते ऐकू येत होतं.

महायुद्ध लागलं आणि तो आईन रेंगाळला. ज्यासाठी गावोगाव सुपाऱ्या उचलल्या त्याचं पुढे लोकांनी नावही घेतलं नाही. मग निजामीच गेली. आमच्या कचेरीत नवे साहेब आले, मद्रासकडचे. तरणे, प्रामाणिक, आणि त्यांना मराठी येत नव्हती, उर्दूही येत नव्हती. खरोखरच येत नव्हती. त्यांना इंग्रजी कळायचं, आणि कचेरीत मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा मी एकटा. म्हणजे मी पुन्हा खुर्चीशेजारी.

नवे साहेब उत्साही होते. येईल त्याला सांगायचे की दिल्लीत देशाची नवी घटना लिहिताहेत, तिच्यात धंद्याचे कप्पे नाहीत, प्रत्येक बाप्याला एक मत आणि प्रत्येक बाईला एक मत. मी ते मराठीत सांगायचो. त्यात गोड करण्यासारखं काही नसायचंच, आणि मला फार हलकं वाटायचं. लोक ऐकायचे, वाद घालायचे, घरी जाऊन दुसऱ्यांना सांगायचे. बातमी गावोगाव गेली. गोदाक्काच्या गावीही गेली.

ती आली ती भर दुपारी. कचेरीत साहेब आणि मी, दुसरं कुणी नव्हतं. शिपाई व्हरांड्यात डुलक्या घेत होता. मी तिला लगेच ओळखलं, जरी पार वाळली होती. ती दारात उभी राहिली. घरून निघताना काय बोलायचं ते घोकून आली असणार, ओठ तसे हलत होते. तिनं साहेबांकडे पाहिलं, हात जोडायला उचलले, आणि तेवढ्यात तिची नजर शेजारी माझ्यावर पडली.

हात तसेच खाली आले.

“सायब नवा हाये,” ती म्हणाली. “तोंड त्येच हाये.”

आणि वळून चालू लागली. मी उठलो. तिला हाक मारावी, ‘गोदाक्का, थांबा, या वेळी जसंच्या तसं सांगतो’ असं म्हणावं, हे सगळं मनात आलं. ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, बाई काय म्हणाली?

खरं सांगायचं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं.

“गर्दी फार आहे, पुन्हा येते म्हणाली,” मी सांगितलं.

साहेबांनी रिकाम्या कचेरीकडे एकवार पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घालून पुढचा कागद ओढला.